खाटेपाशी भरणारी शाळा



बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी दवाखान्यात माझे एक स्नेही आजारी होते, त्यांना भेटायला मी गेलो होतो. सकाळची वेळ होती, औषधाच्या खिडकीपुढे ही गर्दी. त्या गर्दीत एक तरुण बाई मूल खांद्याशी धरून उभी होती. मुलाला कालपासून हगवण लागली होती. नर्सबाईंनी तिच्या हातावर दोन पुड्या ठेवल्या आणि सांगितले, "एक पुडी एक लिटर पाण्यात विरघळवायची आणि थोडं थोडं पाजत राहायचं. अंगावरचं दूध बंद करू नका. समजलं?" बाईने मान हलविली, म्हणाली, "समजलं." नर्सबाईंनी पुढच्याला हाक मारली.

ती बाई पायऱ्या उतरून खाली आली, आणि बाकावर टेकलेल्या एका म्हातारीला हळूच विचारू लागली, "आजी, लिटर म्हणजे किती तांबे हो?" म्हातारी म्हणाली, "मला गं काय ठाऊक? असंल एक तांब्या."

आता मंडळी, तांब्या हा काही सरकारी मापाचा नसतो. कुणाच्या घरी अर्ध्या लिटरचा, कुणाच्या घरी दीड लिटरचा. पुडी कमी पाण्यात कालवली तर मिठाचे प्रमाण वाढून लेकराला अपायच व्हायचा. पाणी फार झाले तर पुडीचा म्हणावा तसा गुण यायचा नाही. नर्सबाईंनी सांगितले ते बरोबर होते. आईने ऐकले तेही मन लावून ऐकले. तरी दोघींच्या मध्ये काहीतरी राहून गेले, आणि जे राहून गेले त्यावर एका लेकराचा जीव अवलंबून होता.

ते राहून गेलेले काय, ह्याचाच इतिहास आज मला सांगायचा आहे. परिचारिका औषध देते, जखम बांधते, ताप मोजते, हे आपण रोज पाहतो. पण ती शिकवतेही. आजाऱ्याला शिकवते, त्याच्या आईला, बायकोला, सुनेला शिकवते. ह्या शिकवण्याला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. शिक्षक बंधुभगिनींना तो ऐकताना आपल्याच धंद्याची गोष्ट ऐकतो आहोत असे वाटेल.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचले असेल. हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांमधून फिरणारी बाई, एवढेच चित्र बहुतेकांच्या मनात असते. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, हे खरेच. पण त्या दिव्याचे चित्र इतके ठसठशीत झाले की बाईंचे पुढले पन्नास वर्षांचे काम लोकांच्या नजरेआड गेले. त्या कामात शिकविण्याचा भाग फार मोठा होता.

१८५९ च्या अखेरीस त्यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' नावाचे एक छोटेखानी पुस्तक लिहिले. नावावरून वाटते की हे नर्सांसाठी असेल. पण बाईंनी आरंभीच बजावून ठेवले की हे नर्सांचे पाठ्यपुस्तक नव्हे. घरात कधी ना कधी लहान मूल किंवा आजारी माणूस जिच्या हवाली होते अशा प्रत्येक बाईसाठी हे लिहिले आहे. घर निरोगी राहायला काय लागते? शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याची वाट, स्वच्छता आणि उजेड. ह्या पाच गोष्टी त्यांनी साध्या शब्दांत मांडल्या. पहिल्या महिन्यातच पुस्तकाच्या १५,००० प्रती खपल्या असे सांगतात.

पण पुस्तक विकत घेणार कोण? सुखवस्तू घरची बाई. हे नाइटिंगेलबाईंच्या ध्यानात आले असले पाहिजे. कारण १८६१ साली त्यांनी कामकरी वर्गासाठी त्याच पुस्तकाची एक स्वस्त आवृत्ती काढली आणि तिच्यात एक नवे प्रकरण घातले. ते प्रकरण बाळ सांभाळण्यावर आहे, आणि ते बाळाच्या आईला उद्देशून नाही. ते आहे बाळाच्या मोठ्या बहिणीला उद्देशून! आई कामावर जाते, आणि आठ-दहा वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर फिरते. आपल्याकडे हे दृश्य नवे आहे का? नाइटिंगेलबाईंनी ओळखले की बाळाची खरी नर्स ही पोर आहे. म्हणून त्यांनी तिच्याशीच सरळ बोलायला सुरुवात केली: बाळाला मोकळी हवा मिळू दे, त्याचे अंग आणि कपडे स्वच्छ ठेव, वेळच्या वेळी भरव, त्याला दचकवू नकोस. शिकवायचे कुणाला, हे आधी नीट पाहावे लागते. घरात प्रत्यक्ष काम कोण करते ते शोधून काढावे आणि त्या माणसाला शिकवावे, ही पहिली गोष्ट ह्या इतिहासात आपल्याला सापडते.

आता लिव्हरपूल शहरात जाऊ. इंग्लंडचे हे मोठे बंदर. गोदीवर काम करणाऱ्या गरिबांच्या दाट वस्त्या तिथे होत्या. त्या शहरात विल्यम रॅथबोन नावाचे एक सधन व्यापारी राहत. १८५९ साली त्यांची पत्नी आजारपणात वारली. तिच्या शुश्रूषेसाठी त्यांनी मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका ठेवली होती. रॅथबोन ह्यांच्या मनात आले, माझ्या घरी पैसा आहे, माणसे आहेत, तरी ह्या बाईवाचून माझ्या पत्नीचे किती हाल झाले असते. मग ज्यांच्या घरी काहीच नाही तिथे काय होत असेल? त्यांनी मेरीबाईंना तीन महिन्यांसाठी पगार देऊन एका गरीब वस्तीत पाठविले. काम दोन प्रकारचे. घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करायची, आणि घरच्या माणसांना आजाऱ्याची काळजी कशी घ्यावी व घर नीटनेटके कसे ठेवावे हे शिकवायचे.

मुदत संपायच्या आधीच मेरीबाई रॅथबोन ह्यांच्याकडे रडत आल्या. म्हणाल्या, हे हाल आता पाहवत नाहीत, ह्यातून मला मोकळे करा. रॅथबोन ह्यांनी त्यांना धीर दिला, मुदत पुरी करा म्हणून विनविले. बाई परत गेल्या. आणि तीन महिने भरले तेव्हा त्यांनीच येऊन सांगितले की आता मला हेच काम करायचे आहे. असे काय घडले मधल्या काळात? बाईंनी पाहिले की ज्या दुःखाला आपण अटळ समजत होतो त्यातले पुष्कळसे टाळता येते. अंथरूण कसे बदलावे, जखम कशी धुवावी हे एकदा घरच्यांना जमले की आपण निघून गेल्यावरही ते घर सावरलेले राहते.

रॅथबोन ह्यांना अशा आणखी परिचारिका हव्या होत्या, पण शिकलेल्या बाया मिळेनात. त्यांनी नाइटिंगेलबाईंना पत्र लिहिले. बाईंनी सल्ला दिला की शिकलेल्या बाया मिळत नसतील तर तुमच्या शहरातच शाळा काढा. त्याप्रमाणे लिव्हरपूलच्या मोठ्या इस्पितळाजवळ १८६२ च्या सुमारास शाळा उभी राहिली, शहराचे १८ भाग पाडले गेले आणि भागाभागात परिचारिका फिरू लागल्या.

ह्या फिरत्या परिचारिका शिकवीत कशा? १८७६ साली लंडनच्या 'टाइम्स' पत्रात नाइटिंगेलबाईंनी ह्यावर एक लांबलचक पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे असे होते की गरिबाच्या घरी गेलेल्या परिचारिकेने आजाऱ्याइतकीच त्याच्या खोलीचीही शुश्रूषा केली पाहिजे. खोलीत केर साचला असेल तर तिने स्वतः झाडू घ्यावा. घाण पाणी बाहेर ओतावे, भांडे घासून घ्यावे, खिडकी उघडावी. एकदा खोली नीट लावून दाखविली की घरच्या माणसांना फरक दिसतो, आणि मग ती तशीच राखणे हे त्यांचे काम. पैसे वाटणे हे परिचारिकेचे काम नव्हे, असेही त्यांनी निक्षून सांगितले. कारण दान देणाऱ्या हाताकडे माणूस दानासाठीच बघतो, त्याच्याकडून शिकत नाही. ह्या पत्रातला विचार आपल्या गुरुजींना नवा नाही. पाटीवर 'ग' काढून दाखविला नाही आणि नुसते 'ग काढ' म्हटले, तर पोर काय काढणार?

पुढे १८९२ साली इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात एक प्रयोग झाला. हा निव्वळ खेडवळ भाग. तिथल्या एका आरोग्याधिकाऱ्याने काही बायांचा वर्ग घेतला, त्यांची परीक्षा घेतली, आणि त्यांतल्या पास झालेल्या बायांनी खेड्यातल्या आयांकडे जाऊन त्यांना आरोग्य शिकवावे असे ठरले. ह्या कामामागे नाइटिंगेलबाईंची प्रेरणा होती. तेव्हा त्यांचे वय ७० च्या पुढे गेलेले, प्रकृती अशक्त. पण पत्रांवर पत्रे लिहून त्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: नुसत्या व्याख्यानांनी काही होत नाही. शिकविणाराने आपल्या विद्यार्थिनींना घेऊन झोपड्यांत गेले पाहिजे, आणि घरात पाऊल कसे टाकावे हे आधी शिकविले पाहिजे. ते घर त्या बाईचे आहे. तिची परवानगी घेऊन आत जावे. तिला उपदेश करू नये, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलावे. तिच्या घरात काय आहे, तिला काय जमण्यासारखे आहे, हे आधी तिच्याकडून शिकून घ्यावे.

हे इतके जपून बोलणे कशाला, असे तुम्हांला वाटेल. त्याचे उत्तर आपल्याच पुण्याच्या इतिहासात आहे, आणि ते फार कडू आहे.

नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. पण इथल्या खेड्यांच्या आरोग्याचा विचार त्यांनी आयुष्यभर केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १८९६ साली त्यांनी एक लेख लिहिला. इंग्लंडच्या खेड्यात जसे झाले तसेच हिंदुस्थानच्या खेड्यांत आरोग्य शिकविणारी माणसे गावोगाव जावीत, त्यांनी लोकांच्या रीतिभाती ओळखून, गोडीने, दाखवून शिकवावे, असा त्या लेखाचा आशय होता.

नेमक्या त्याच साली सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग आला. काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्याला रँडसाहेबाची नेमणूक झाली, आणि गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. दार उघडा, चला बाहेर, दाखवा अंग. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही. आजारी दिसला की उचलून इस्पितळात, घरची माणसे छावणीत, सामान जाळायला रस्त्यावर. प्लेग भयंकर होता, काहीतरी करणे भाग होते, हे मान्य. पण कुणी कुणाला काही समजावून सांगितले नाही. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसे लपवू लागले. इस्पितळात नेतात ते मारायलाच, अशी समजूत पसरली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. तो सगळा इतिहास तुम्ही जाणता.

त्याच प्लेगात, त्याच पुण्याच्या परिसरात, दुसरेही एक चित्र दिसले. सावित्रीबाई फुले तेव्हा साठीच्या पुढे होत्या. त्या काही इस्पितळात शिकलेल्या परिचारिका नव्हत्या. त्या होत्या शिक्षिका. मुलगा डॉक्टर यशवंत ह्याच्या दवाखान्यात त्यांनी प्लेगच्या रोग्यांची स्वतःच्या हाताने सेवा केली, त्यांनाही प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सोजीर आले की माणसे आजाऱ्याला लपवीत, आणि सावित्रीबाईंनी मात्र आजाऱ्याला आपलेपणाने जवळ केले. रोग एकच, शहर एकच. शिकविण्याच्या आधी विश्वास लागतो, हे ह्याहून स्पष्ट करून कोण सांगणार?

शिक्षक बंधुभगिनींनो, आता जी हकीकत सांगतो ती खास तुमच्यासाठी. ती आहे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराची, १९०२ सालातली. परदेशांतून पोट भरायला आलेली लाखो माणसे तिथे एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. शाळेत डॉक्टर येऊन मुलांना तपासत. कुणाच्या डोळ्यांत खुपऱ्या, कुणाच्या डोक्यात उवा, कुणाला नायटे, कुणाला खरूज. दोष दिसला की डॉक्टर चिठ्ठी लिहून मुलाला घरी पाठवी. चिठ्ठी इंग्रजीत, आणि आईला इंग्रजी येत नसे. चिठ्ठी कुठल्या कुठे जाई. पोरगे घरी बसून राही, आणि संध्याकाळी शाळेतल्याच सोबत्यांबरोबर रस्त्यावर खेळे. म्हणजे शिक्षण बुडाले आणि रोगही हटला नाही.

त्या वस्तीत लिलियन वॉल्ड नावाच्या परिचारिकेने १८९३ पासून घरोघरच्या शुश्रूषेचे काम उभे केले होते. त्यांनी सुचविले की एक परिचारिका महिनाभर शाळांत ठेवून तर पाहा. लीना रॉजर्स ह्या परिचारिकेकडे चार शाळा सोपविण्यात आल्या. रॉजर्सबाई शाळेतच मुलांची मलमपट्टी करून त्यांना परत वर्गात बसवीत. शाळा सुटली की मुलाच्या घरी जात आणि आईसमोर मुलाचे डोके धुऊन दाखवीत, डोळ्यांत औषध घालून दाखवीत. भाषा येत नसली तर हातांनी. महिना संपला आणि नगरपालिकेने ह्या परिचारिकांना कायमचे ठेवून घेतले. सप्टेंबर १९०२ मध्ये शहरात अशी साडेदहा हजारांवर मुले शाळेतून घरी पाठविली गेली होती. पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात तो आकडा अकराशेच्या आसपास आला. मुले तीच, रोग तेच, औषधेही तीच. फरक पडला तो चिठ्ठीच्या जागी माणूस गेल्यामुळे.

आपल्याकडे असे माणूस तयार करणे सोपे नव्हते. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे ह्या त्याच्या प्रमुख. विधवा आणि निराधार बायकांना स्वतःच्या पायांवर उभे करावे म्हणून त्यांनी इतर शिक्षणाबरोबर परिचारिकेच्या शिक्षणाचीही सोय केली आणि मुलींना ससून इस्पितळात धाडले. त्या काळी हे काम हलके मानीत. परक्याचे मळमूत्र काढायचे, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची. चांगल्या घरच्या बाईने हे करावे? लोकांनी नावे ठेवली. पण ह्या मुली शिकल्या. तोपर्यंत आपल्या घरांतून बाळंतपण आणि लहान मुले सांभाळण्याचे शिक्षण आजी देई नाहीतर सुईण देई. त्यातले पुष्कळ शहाणपणाचे होते, काही घातकही होते. मराठी बोलणारी, आपल्यासारखीच नऊवारी नेसणारी बाई इस्पितळातले ज्ञान घेऊन बाळंतिणीच्या खाटेपाशी बसली, ही मोठीच गोष्ट झाली.

तरीसुद्धा शहर आणि खेडे ह्यांत अंतर राहिलेच. हे अंतर किती असते ते जामखेडला कळून आले. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. भाग दुष्काळी. त्यांनी आधी ठरविले की शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवाव्यात. पण ते जमेना. शहरात शिकलेल्या तरुण मुली, खेड्यात एकट्या राहायला बिचकत. आणि गावच्या बायका त्यांचे ऐकून घेत, पण करीत मात्र आपल्या रीतीप्रमाणेच. 'ह्या पोरीचं अजून लग्न झालं नाही, ही आम्हांला बाळंतपण काय शिकवणार?' असे बायांच्या मनात आले तर त्यांना दोष कसा द्यावा?

तेव्हा आरोळे दांपत्याने वाट बदलली. गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी आणि तिला शिकवावे. ज्या बाया आल्या त्यांतल्या बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, जातपात विसरून एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करीत. आठवडाभरात गावात काय घडले ते प्रत्येकीने सांगायचे. कुणाचे मूल दगावले, का दगावले? कुणी गरोदर बाई अर्धपोटी राहते, का राहते? मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, ह्या भीतीने राहते. मग त्यावर बोलणे व्हायचे, गाणे रचले जायचे, चित्रे दाखविली जायची. परिचारिका आणि डॉक्टर इथे गुरू झाले, पण बायांचे ऐकून घेणारे गुरू. आणि शिकलेली बाई गावात गेली की तिला घर दाखवावे लागत नसे, कारण ते तिचेच गाव होते.

त्या प्रकल्पाच्या नोंदी सांगतात की १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. १९९० नंतरच्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली उतरला. हे सगळे नुसत्या शिकविण्याने झाले असे मी म्हणणार नाही. पाण्याची सोय झाली, खाण्यापिण्याकडे लक्ष गेले, बायांना मान मिळू लागला, ही सगळी कारणे त्यात आहेत. पण त्यांतली पुष्कळशी कारणे त्या आठवड्याच्या वर्गातूनच निघाली होती. २००५ पासून गावोगाव दिसू लागलेल्या आपल्या आशाताई ह्याच विचाराच्या वाटेवरच्या आहेत.

आता परत येऊ आपल्या पहिल्या प्रश्नाकडे. लिटर म्हणजे किती तांबे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या बांगलादेशात शोधले गेले. १९७१ च्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित आपल्या बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस ह्यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे पाजून हजारो जीव वाचविले. पुढे १९८० ते १९९० ह्या दहा वर्षांत 'ब्रॅक' ह्या संस्थेच्या बायांनी बांगलादेशात घरोघर जाऊन एक कोटीहून अधिक घरांतल्या आयांना असे पाणी घरी करायला शिकविले. ह्या बाया परिचारिका नव्हत्या, साध्या शिकलेल्या मुली होत्या. पण त्यांनी काय केले पाहा. खेड्यात कुणाकडे माप नव्हते, म्हणून मीठ मोजले तीन बोटांच्या चिमटीने आणि गूळ मोजला मुठीने. पाण्याचे काय? त्यांनी त्या घरातलेच भांडे मागितले, आपल्याजवळच्या मापाने त्यात पाणी ओतले आणि पाणी जिथवर आले तिथे खूण करून दिली. मग आईला सांगितले, आता तुम्ही करून दाखवा.

आणखी एक गंमत. शिकविणाऱ्या बाईचा पगार तिने किती घरे घेतली ह्यावर नुसता ठरत नसे. काही दिवसांनी दुसरे कुणी त्या घरी जाऊन आईला विचारी, तुम्हांला काय काय आठवते? आईला जेवढे आठवेल त्या मानाने शिकविणारीचा मेहनताना! गुरुजी, हा नियम शाळेला लावला तर कसे होईल? तुम्ही हसाल. पण विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आरंभी तिथेही फसगत झाली होती, तीही सांगितली पाहिजे. आयांना कृती पाठ झाली, पण मुलाला हगवण लागली की थोड्याच जणी ते पाणी करीत. चौकशी केली तेव्हा कळले की शिकविणाऱ्यांपैकी काहींचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःचे पोट बिघडले की त्याच गोळ्या घेत! आणि घरच्या पुरुषांना कुणी काही सांगितलेच नव्हते. मग शिकविणाऱ्यांना आधी नीट समजावले, हे पाणी का आणि कसे गुण देते ते दाखविले, पुरुषांच्याही बैठका घेतल्या, तेव्हा काम मार्गी लागले. ज्याला स्वतःला पटलेले नाही त्याने दुसऱ्याला शिकवू नये, हे खरे.

आज पुडी सगळीकडे मिळते, आशाताईंकडेही असते. तेव्हा घरी चिमटीने करण्यापेक्षा पुडी वापरावी आणि तिच्यावर पाण्याचे जे प्रमाण लिहिले असेल तेच घ्यावे. मूल मलूल झाले, पिईनासे झाले, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा. पण तांब्याचा प्रश्न पुडीनेही सुटत नाही. तो सुटतो माणसाने विचारल्याने.

म्हणून आता चांगल्या परिचारिकांना जगभर एक साधी गोष्ट शिकवितात. 'समजलं का?' असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. गरिबाला, अडाण्याला, घाबरलेल्याला 'नाही समजलं' म्हणायची लाज वाटते. त्याऐवजी म्हणावे, "ताई, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचं आहे. घरी गेल्यावर तुम्ही काय कराल, ते मला सांगा बरं." चूक निघाली तर ती शिकविणारीची, शिकणारीची नव्हे. मग पुन्हा सांगावे, आणि पुन्हा विचारावे.

त्या दिवशी दवाखान्यात पुढे काय झाले ते सांगतो आणि हे भाषण संपवतो. बाकावरचा तो संवाद झाडलोट करणाऱ्या एका मावशीने ऐकला. तिने त्या बाईला हाताला धरून परत आत नेले. थोड्या वेळाने दुसऱ्या एक वयस्क नर्सबाई बाहेर आल्या, हातात दवाखान्याचे माप आणि एक पितळी तांब्या. तांब्या कुणाचा होता कोण जाणे, बहुधा त्या मावशीचाच. त्यांनी मापाने पाणी तांब्यात ओतले आणि म्हणाल्या, "तुमच्या घरचा तांब्या एवढाच आहे का?" बाई म्हणाली, "नाही, लहान आहे." "किती लहान?" बाईने तांब्याच्या अंगावर बोट ठेवून दाखविले. "मग तसले किती भरून घ्याल?" बाईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "दोन." नर्सबाईंनी त्या खुणेपर्यंत पाणी दोनदा काढून, मोजून पाहिले. दोन बरोबर होते.

दोन मिनिटांचे काम. मंडळी, तुमच्या गावात नर्सबाई किंवा आशाताई आल्या तर त्यांना दोन मिनिटे बसायला सांगा, घरातले भांडे पुढे करा, आणि न कळलेले पुन्हा विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि गुरुजी, उद्या वर्गात हगवणीचा धडा शिकवाल तेव्हा मुलांना सांगा, घरून आपापला तांब्या आणा. माप तुमच्या शाळेत असेलच.